श्वान, भक्त आणि रसिक: एका थट्टेची परंपरा

१

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला पांढरा कुत्रा विसाव्या शतकातील भारतीय श्रोत्यांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचा होता. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने रंगविलेल्या या कुत्र्याचे नाव निपर. तो १८८४ मध्ये जन्मला आणि १८९५ मध्ये मेला. चित्र त्याच्या मृत्यूनंतरचे आहे. मूळ चित्रात त्याच्यासमोर फोनोग्राफ हे जुन्या पद्धतीचे, नळकांड्यावर आवाज उमटविणारे यंत्र होते. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने हे चित्र विकत घेतले ते, जुने यंत्र पुसून त्या जागी कंपनीचा ग्रामोफोन रंगवावा, या अटीवर. चित्राचे पन्नास पौंड आणि त्यावरील हक्काचे पन्नास पौंड असा व्यवहार झाला. बॅरॉडने यंत्र बदलले, कुत्रा तसाच ठेवला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही त्या चित्राची ओळ पुढे कंपनीचेच नाव होऊन बसली आणि कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात निघालेल्या तबकड्यांवर बसून हा कुत्रा ख्याल, नाट्यपदे, भजने आणि चित्रपटगीते देशभर फिरवून आला.

या चित्रात कला आहे, कलेचा चाहता आहे आणि कुत्रा आहे. त्यांतील शेवटचे दोन एकच आहेत. पैसे मोजून तबकडी विकत घेणाऱ्या श्रोत्याला ती तबकडीच सांगत होती, की ऐकणारा तो कुत्रा आणि गाणारा तो धनी. एरवी मानापमानाच्या बाबतीत हळव्या असलेल्या आपल्या समाजात या चित्राचा कोणाला राग आल्याचे दिसत नाही. उलट घरोघरी त्याकडे कौतुकाने पाहिले गेले. आपल्याला कुत्रा म्हटले जात असताना श्रोता का हसला, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चाहतेपण, कुत्री आणि कला या तीन विषयांवरची थट्टा लोकांच्या बोलण्यात पुन:पुन्हा एकत्र येते. घरी आलेल्या पाहुण्याला आपल्या कुत्र्याची संगीताची आवड वर्णन करून सांगणारा यजमान, गवयाच्या मागे गावोगाव हिंडणाऱ्या मित्राला ‘याच्या गळ्यात पट्टाच काय तो बांधायचा राहिला आहे’ असे म्हणणारा टोळकेबाज, प्रदर्शनातल्या चित्रासमोर चित्रापेक्षा आपल्या कुत्र्याविषयीच अधिक बोलणारा प्रेक्षक, या सर्वांच्या विनोदामागे एक जुने साम्य काम करीत असते. त्या साम्याचा शोध घेतला असता असे दिसते, की ही थट्टा निष्ठेची शत्रू नाही. निष्ठेला आंधळेपणापासून आणि लाचारीपासून दूर ठेवणारी ती एक सोबतीण आहे. आणि जेथे ती लोपते तेथे निष्ठेचे रूप पालटते.

२

भरताने हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीतून सांगितली आहे. अभिनवगुप्ताने या विचाराचा विस्तार करून, कोणत्याही रसाचा आभास हा हास्याला कारण होऊ शकतो असे सुचविले. या दृष्टीने पाहिले तर भक्तीची, निष्ठेची अनुकृती हेही हास्याचे क्षेत्र ठरते. मनुष्येतर प्राण्यांत निष्ठेची इतकी हुबेहूब अनुकृती कुत्र्याशिवाय कोठे आढळत नाही. तो वाट पाहतो, रुसतो, आवाज ओळखतो, धन्याच्या गुणदोषांची चिकित्सा करीत नाही. माणसाने जे भाव अत्यंत उदात्त मानले ते सगळे त्याच्यात शेपटीसह उपस्थित असतात. उदात्ताला शेपूट फुटल्याबरोबर हसू येते; पण ते हसू उदात्ताला खोटे ठरवीत नाही, हे महत्त्वाचे.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून कुत्रा चालतो. स्वर्गाच्या दाराशी इंद्र त्याला कुत्रा सोडून देण्यास सांगतो. युधिष्ठिराचे उत्तर भक्तित्यागाच्या पापावर उभे आहे, आणि त्या उत्तरात तो कुत्र्यासाठी ‘भक्त’ हाच शब्द योजतो. महाभारताच्या आरंभीही, जनमेजयाच्या सत्रात, सरमा या देवशुनीच्या पिल्लाला निष्कारण मार बसतो आणि सरमा जाब विचारावयास येते. एवढ्या विशाल ग्रंथाच्या आदीला आणि अंताला कुत्रा आहे: एकदा अन्यायाविषयी प्रश्न विचारणारा आणि एकदा निष्ठेचे मोल ठरविणारा. स्वर्गाच्या दारातील प्रसंग गंभीर असला तरी त्यात नर्मविनोदाची एक छटा आहे. देवांचा राजा एका कुत्र्यावरून राजाशी हुज्जत घालतो, आणि शेवटी तो कुत्रा स्वतः धर्मच असल्याचे उघड होते. परीक्षा घेणारे सगळे भक्तीकडे लक्ष लावून बसलेले असतात आणि भक्ती शेपूट हलवीत बाजूला उभी असते.

संतपरंपरेने ही छटा उघड केली. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा, कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवाची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्याची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली आणि ज्याचे स्मरण पंजाबात घुमान येथे आजही जागते आहे, त्या नामदेवाच्या या कथेत तत्त्वज्ञान आहे ते पळण्याच्या क्रियेत. पुढे कुत्रा, मागे संत. एरवी भक्त देवामागे धावतो. येथेही तेच चालले आहे, फक्त पाहणाऱ्याला ते ठाऊक नाही म्हणून तो हसतो. उत्तरेत कबीराने स्वतःला रामाचे कुत्रे म्हणवून घेतले आणि गळ्यातल्या दोरीचेही वर्णन केले. त्या बोलण्यात दैन्य आहे तशी ऐटही आहे. अमक्याचा कुत्रा म्हणवून घेणारा दुसऱ्या कोणाचाही कुत्रा नसतो, हे त्यातील अध्याहृत विधान आहे.

या परंपरेचे देहधारी रूप म्हणजे खंडोबाचा वाघ्या. खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, आणि भैरवाचे वाहन कुत्रा. खंडोबाच्या मूर्तीसोबत घोड्याबरोबर कुत्राही असतो. वाघ्या हे नाव वाघावरून आले असे सांगतात आणि वाघ्यांच्या भंडाराच्या पिशव्या वाघाच्या कातड्याच्या असत. परंतु विधीत वाघ्या कुत्र्यासारखा भुंकतो, कोटंब्यातील अन्नाला तोंड लावतो. कर्नाटकात मैलाराच्या वग्गय्यांमध्येही हा विधी आढळतो. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर या दोन अभ्यासकांनी खंडोबाच्या उपासनेचा जो विस्तृत वेध घेतला, त्यातून या दैवताचा धनगर, मराठे, ब्राह्मण, मुसलमान अशा अनेक समाजांशी असलेला संबंध स्पष्ट झाला. वाघ्याचे भुंकणे पाहणाऱ्यांत हशा पिकतो आणि वाघ्याला त्याची खंत नसते. भक्ताने कुत्र्याचे सोंग घेतले आहे, हे त्यालाही ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही. हे सोंग असणे हाच या विधीचा प्राण आहे. सोंग उतरविता येते, आणि ज्याला सोंग उतरविता येते त्याची लाचारी होत नाही. चाहत्याच्या थट्टेतील कुत्रेपण हे असे वाघ्याचे कुत्रेपण असते.

३

मात्र या परंपरेचे गुणगान करताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. या देशात कुत्रा हा शब्द सर्वांना सारख्याच हलकेपणाने उच्चारता आलेला नाही. संस्कृत ग्रंथांनी समाजाच्या तळाशी ढकललेल्या माणसांसाठी ‘श्वपच’ हा शब्द राबविला. कुत्र्याचा विटाळ आणि माणसाचा विटाळ एका पंक्तीत बसविणाऱ्या व्यवस्थेत, ‘मी देवाचा कुत्रा’ असे म्हणणे एकासाठी अलंकार होते, तर दुसऱ्यासाठी ते त्याच्यावर लादलेले वर्णन होते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, अस्पृश्यांना होता. १९२७ चा सत्याग्रह या विषमतेविरुद्ध होता. १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मिळणाऱ्या वागणुकीची तुलना कुत्र्या-मांजरांच्या वागणुकीशी केली, आणि ती वागणूक त्याहूनही हीन असल्याचे बजावले. त्या तुलनेत विनोदाला जागाच नव्हती.

चोखामेळ्याच्या अभंगांत उष्ट्याची आस व्यक्त झाली आहे. ती वाचताना कबीराच्या ऐटीची आठवण होते आणि लगेच दोघांतील अंतरही जाणवते. कबीर दोरी स्वतःच्या हाताने गळ्यात घालतो. चोखोबाला दाराबाहेर दुसऱ्यांनी उभे केलेले आहे. तेथे उभे राहून तो जी नम्रता बोलतो तीत आर्ततेबरोबर एक मूक आरोप आहे. म्हणून श्वानरूपकाची कसोटी ही, की ते कोण कोणासाठी वापरतो. स्वतःसाठी वापरले तर ती थट्टा, खालच्यासाठी वापरले तर ती हेटाळणी. मराठी विनोदाच्या समीक्षेत ‘निर्विष’ हा शब्द सढळपणे वापरला जातो. विनोद निर्विष आहे की नाही हे वाक्याच्या गोडव्यावरून ठरविता येत नाही; ते त्याच्या दिशेवरून ठरते.

४

हास्य संपूर्णपणे निघून गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण रायगडावरच्या वाघ्याचे आहे. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा महाराष्ट्रात रूढ झाली. समकालीन साधनांत तिला आधार नाही असे इतिहासाचे अनेक अभ्यासक सांगतात. राम गणेश गडकरी यांनी आपले ‘राजसंन्यास’ हे नाटक या कुत्र्याच्या स्मृतीला अर्पण केले. गडकरी १९१९ मध्ये वारले आणि नाटक अपुरेच राहिले. पुढे १९३६ मध्ये रायगडावर कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. २०१२ मध्ये तेथील पुतळा काही कार्यकर्त्यांनी हटविला आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसविला गेला. ‘राजसंन्यास’मधील संभाजीराजांच्या चित्रणावरून वाद होताच; जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला.

या वादातील ऐतिहासिक आणि सामाजिक प्रश्न गंभीर आहेत. बहुजन समाजाला आपल्या इतिहासाचे चित्रण कोणी आणि कसे केले, हे विचारण्याचा अधिकार आहे. साहित्याच्या अभ्यासकाने पाहावयाची गोष्ट वेगळी आहे. ‘बाळकराम’ या टोपणनावाने मराठीतील अत्यंत धीट विनोद लिहिणाऱ्या लेखकाने कुत्र्याकडे वळताना विनोद बाजूला ठेवला. त्याने निष्ठेचे स्मारक केले. स्मारकाला हसता येत नाही. वाघ्या मुरळीच्या जागरणात भुंकतो तेव्हा तो सोंग आहे. दगडात गेलेला वाघ्या हे सोंग राहिले नाही, तो दावा झाला. दाव्याला प्रतिदावा येतो, पुतळ्याला पहार येते. चाहत्यांनी आपल्या दैवताभोवतीचे हसू काढून घेतले, की तेथे प्रथम कुंपण आणि मग पहारा येतो, याचा अनुभव अलीकडच्या काळात नट, क्रिकेटपटू, गायक आणि लेखक यांच्याही बाबतीत येऊ लागला आहे.

५

गडकऱ्यांच्या नंतरच्या पिढीत या साम्याला पुन्हा हसरे करण्याचे काम पु. ल. देशपांडे यांनी केले. ‘पाळीव प्राणी’ या त्यांच्या लेखात थट्टा प्राण्यांची कमी आणि ते पाळणाऱ्यांची अधिक आहे. कुत्रा बाळगणाऱ्या माणसाचे कुत्र्याविषयीचे बोलणे हे चाहत्याच्या बोलण्याचे शुद्ध रूप असते, हे त्यांनी अचूक हेरले. चाहत्याला आपल्या दैवताचे गुण दिसतात एवढेच नव्हे, तर ते दुसऱ्याला दिसत नाहीत याचे त्याला खरोखर नवल वाटते. पाहुणा कुत्र्यामुळे खुर्चीवर पाय घेऊन बसला आहे आणि यजमान कुत्र्याच्या स्वभावाचे मार्दव समजावून देत आहे, हा प्रसंग बदलून पाहण्यासारखा आहे. कुत्र्याच्या जागी गवई, नट किंवा कवी बसवावा. यजमानाचे एकही वाक्य बदलावे लागत नाही. ‘मी आणि माझा शत्रुपक्ष’ या लेखातही दुसऱ्याच्या प्रेमाचा विषय आपल्यावर लादला जात असतानाची गुदमर हाच विनोदाचा विषय आहे.

परंतु पुलंची दृष्टी केवळ त्रासलेल्या पाहुण्याची नव्हती. ‘गणगोत’मधील रावसाहेब हे चाहतेपणाचे मराठीतील कदाचित सर्वांत मोठे शब्दचित्र आहे. बेळगावच्या या रसिकाचे, कानडी हेलाच्या आणि शिव्यांनी पखरलेल्या मराठीतून, गाण्या-नाटकांवर आणि कलावंतांवर जे प्रेम कोसळते ते वाचकाला हसवीत हसवीत गंभीर करते. रावसाहेबांच्या शिव्या म्हणजे स्तुतीचे जणू उलटे टाके आहेत. कलावंताला डोक्यावर घेणारा हा माणूस त्याला देव्हाऱ्यात बसवीत नाही, कारण देव्हाऱ्यातल्या देवाशी भांडता येत नाही. आपल्याकडे ‘रसिक’ या शब्दाभोवती एक सुगंधी, मखमली वातावरण तयार झाले आहे. रावसाहेब ते फाडून टाकतात. त्यांची निष्ठा कुत्र्याइतकी अढळ आहे आणि त्यांचे भुंकणेही तितकेच मोकळे आहे. धन्यावरही भुंकू शकणारा कुत्रा, असे या रसिकतेचे वर्णन करता येईल.

पुलंच्या स्वतःच्या वाट्याला आलेले चाहते मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे निघाले. त्यांच्या वाक्यांची पारायणे झाली, पाठांतरे झाली. त्यांच्या विनोदावर कोणी विनोद केला तर तो अवमान ठरू लागला. ज्याने मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहून हसावयास शिकविले, त्याच्याच बाबतीत तो वर्ग हसू विसरला. हा दोष लेखकाचा नसून चाहत्यांचा आहे. पण समीक्षेनेही तो वेळीच दाखविला नाही. पुलंच्या विनोदाची मर्यादा, म्हणजे त्यातील जगाचे बरेचसे शहरी आणि पांढरपेशे स्वरूप, तिचा उच्चार केला की तो द्रोह समजला जातो. निपरसारखी मान कलती करून बसणे एक वेळ शोभून जाते. त्या मुद्रेत गोठून जाणे शोभत नाही.

६

कुत्रा, कला आणि भक्ती यांचा धागा एकाच कवीच्या हाती सापडतो तो अरुण कोलटकरांच्या. जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात दृश्यकलावंत म्हणून नाव मिळविलेले कोलटकर मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहीत होते. त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी काव्यसंग्रह १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. या संग्रहातील एका कवितेत पडक्या मारुतीच्या देवळात एक कुत्री आपल्या पिल्लांसह मुक्काम ठोकून आहे. छप्पर देवाच्या डोक्यावर कोसळलेले असताना तेथे आता पूजा होत नाही, पण वस्ती आहे. आणि ही वस्तीच त्या जागेला देवाचे घर ठरविते, असा त्या कवितेचा रोख आहे. कुत्र्याच्या देवाच्या क्षेत्रात कुत्रीने घेतलेला हा आसरा वाघ्याच्या विधीची आठवण करून देतो. फरक इतकाच, की येथे सोंग घेणारा कोणी नाही. खरी कुत्री आहे, आणि भक्तीची जबाबदारी पाहणाऱ्यावर आली आहे.

‘जेजुरी’वर भालचंद्र नेमाडे यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे: कवी तेथे मुंबईहून आलेल्या सुटीच्या पर्यटकासारखा वावरतो. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. कवितेतील निवेदक बसने येतो, पाहतो, परत फिरतो. वाघ्याचे आयुष्य त्याला जगावयाचे नाही. परंतु आक्षेपाच्या मुळाशी हसणे म्हणजे दूर असणे, असे जे गृहीत आहे ते मात्र तपासावे लागेल. वाघ्याच्या विधीने, नामदेवाच्या कथेने आणि रावसाहेबांच्या शिव्यांनी दाखविलेली गोष्ट याच्या उलट आहे. जवळच्यालाच हसता येते. कोलटकरांच्या दगडांवरील, पुजाऱ्यांवरील, कोंबड्यांवरील विनोदात तुच्छता नाही. जे दिसले ते पूर्ण पाहण्याचा आग्रह आहे. ज्याला देवळापेक्षा देवळातली कुत्री अधिक ठळक दिसते तो भक्त नसेल, पण तो परकाही म्हणता येत नाही.

२००४ मध्ये, म्हणजे कवीच्या निधनाच्या वर्षी, प्रकाशित झालेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या संग्रहाच्या आरंभी कुत्रा स्वतःच बोलू लागतो. मुंबईच्या काळा घोडा भागातील रहदारीच्या बेटावर, वाहने सुरू होण्यापूर्वीच्या पहाटे तो पहुडला आहे. हा परिसर कलेचा आहे. १९५२ मध्ये सुरू झालेले जहांगीर कलादालन येथेच आहे. ज्या पुतळ्यावरून भागाला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविला गेला, पण नाव राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना एक नवा घोडा उभा करण्यात आला. धनी गेला आणि प्राणी उरला, असे हे शहराचे स्वतःचेच विनोदी शिल्प आहे. कोलटकरांचा कुत्रा आपल्या अंगावरच्या ठिपक्यांत सात बेटांच्या जुन्या मुंबईचा नकाशा पाहतो. आईकडून तो बार्टल फ्रिअरने विलायतेहून आणविलेल्या शिकारी कुत्र्यांशी आणि वडिलांकडून युधिष्ठिरामागे गेलेल्या त्या कुत्र्याशी नाते सांगतो.

या वंशावळीत घराण्यांच्या अभिमानाची, जातिकुळीच्या कागदपत्रांची, इतिहासाच्या दोन्ही टोकांची थट्टा आहे. पण त्याहून मोठी घटना अशी, की येथे कुत्रा ऐकणारा राहिलेला नाही. निपर ऐकत होता, हा बोलतो. निपरला धनी होता, याला नाही. गळ्यात पट्टा नसलेल्या, कोणाचाही चाहता नसलेल्या या कुत्र्याला शहर दिसते ते कोणत्याही रसिकाला दिसणार नाही असे. ज्या भटक्या, नगण्य जीवाला ‘कुत्रे’ म्हणून हाकलले जाते त्याच्या तोंडी काव्यपुरुषाचे स्थान देऊन कोलटकरांनी हेटाळणीच्या शब्दाची दिशा पालटली. या संग्रहात पुढे झाडूवाले, फुटपाथवर राहणारे, इडली विकणारे असे अनेक लोक येतात. कुत्रा त्यांचा अग्रदूत आहे. श्वपच या शब्दाने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे आहे असे म्हणता येणार नाही, कारण त्यांचे उत्तर त्यांनी स्वतःच दलित साहित्यात दिले आहे. पण उपहासाची वाट उलटी चालता येते, एवढे या कवितेने सिद्ध केले.

७

कोलटकरांचा कुत्रा मराठी-इंग्रजीच्या सीमेवर बोलला त्याच्या अगोदर, १९९३ मध्ये, पीटर स्टायनर यांचे एक व्यंगचित्र ‘न्यूयॉर्कर’मध्ये आले होते. त्यात संगणकासमोर बसलेला एक कुत्रा दुसऱ्याला सांगतो, की या नव्या माध्यमात आपण कुत्रे आहोत हे कोणाला कळत नाही. २०२३ मध्ये त्या मूळ चित्राला लिलावात एक लाख पंचाहत्तर हजार डॉलर मिळाले. जपानमधील काबोसु या शिबा जातीच्या कुत्रीचे २०१० मधील छायाचित्र पुढे जगभर मोडक्या व्याकरणाच्या लाडिक बोलीचे वाहन झाले. ती २०२४ मध्ये मेली. तिच्या चेहऱ्याभोवती लोकांनी लिहिलेली वाक्ये पाहिली तर त्यांत एक नित्याची युक्ती दिसते: आपल्याला एखादे चित्र, गाणे किंवा नट किती आवडतो हे सरळ सांगण्याची लाज वाटते म्हणून माणूस ते कुत्र्याच्या तोंडून सांगतो. वाघ्याने जे विधीत केले, ते येथे उनाड गप्पांत चालते. उत्कटतेला मुखवटा लागतो, आणि हसरा मुखवटा सर्वांत सोयीचा असतो.

या गप्पा साहित्य आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. ओव्या, उखाणे, तमाशातील बतावणी यांना साहित्याच्या इतिहासात स्थान देताना आपण याच मार्गाने आलो आहोत. समीक्षेपुढील खरे काम निवडीचे आहे. स्वतःच्या निष्ठेवर केलेली थट्टा, दुसऱ्याच्या हीनतेवर केलेली थट्टा, आणि थट्टेच्या मुखवट्यामागून दिलेली धमकी हे तीन प्रकार एकाच भाषेत, एकाच शब्दांनी लिहिले जातात. पहिल्याचे मूळ वाघ्याच्या जागरणात आहे, दुसऱ्याचे श्वपच या शब्दात, आणि तिसऱ्याचे पुतळ्यांभोवतीच्या रागात. त्यांना वेगळे ओळखण्याची नजर अभ्यासकाने दिली नाही, तर ‘निव्वळ गंमत’ या नावाखाली तिन्हींचा खप सारखाच होत राहील.

बॅरॉडने आपल्या त्या प्रसिद्ध चित्राच्या पुढे मागणीनुसार अनेक प्रती करून दिल्या. मूळ चित्रावर प्रकाश तिरपा पडला, की ग्रामोफोनच्या रंगाखालून पुसलेल्या फोनोग्राफचा आकार अजून दिसतो असे सांगतात. कलावंताने धन्याची आज्ञा पाळली, पण पाळल्याची खूण राहिली. तबकडी विकत घेणारा श्रोता हसला तो बहुधा यामुळे, की पट्टा आपल्या एकट्याच्या गळ्यात नाही हे त्याला कळले होते. गाणारा कंपनीला बांधलेला, रंगविणारा पैशाला, ऐकणारा आवाजाला. त्या तिघांत स्वखुशीने बांधून घेतलेला कोण, याचे उत्तर देताना श्रोत्याला संकोच वाटण्याचे कारण नव्हते.